कोंबडीचा शेजार

लांब पल्ल्याच्या शिडाच्या होडीवर कोंबडी नेण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कोंबडी चढते आणि उतरत नाही. दुसऱ्यात ती चढते, अंडी घालते, होडीच्या मालकापेक्षा चांगली झोप घेते आणि सुखरूप उतरते. पहिला प्रकार हजारो वर्षांचा असून त्याला शिधा म्हणतात. दुसरा अलीकडचा, त्याला सोबत म्हणतात. इथे प्रश्न सोबतीचा आहे, पण शिध्याची हकिगत सांगितल्याशिवाय तो सुटत नाही. शिवाय शिधा नेणारा माणूस आणि सोबत नेणारा माणूस हे दोघेही कोंबडीला पहिल्या दिवशी सारखेच दिसतात.

कोंबडी मूळची रानातली. समुद्राचे तिला काही देणेघेणे नव्हते. आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा तिचा मूळ पुरुष. तिच्या कातडीचा पिवळेपणा तेवढा सह्याद्रीत आजही आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले. म्हणजे जगभरच्या दुकानांत टांगलेल्या पिवळ्या कोंबड्यांचे आजोळ आपल्याच बाजूचे. तिला समुद्रावर नेले ते माणसाने. पॅसिफिकमधली बेटे वसवायला निघालेल्या पॉलिनेशियन लोकांनी होड्यांत डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी घेतली. यातल्या कोणाचेही मत विचारले गेल्याची नोंद नाही.

रोमन आरमारात कोंबडीला चक्क हुद्दा होता. लढाईआधी पवित्र कोंबड्यांपुढे दाणे टाकत. त्या तुटून पडल्या तर शकुन चांगला. इसवी सनापूर्वी २४९ साली सिसिलीच्या किनाऱ्यावर द्रेपाना इथे पुब्लियुस क्लाउदियुस पुल्खर या सेनापतीच्या कोंबड्यांनी दाण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. खात नसतील तर पिऊ द्या, असे म्हणून त्याने त्या समुद्रात फेकायला लावल्या, अशी कथा आहे. त्यानंतर त्याने बहुतेक आरमार गमावले आणि रोमला परतल्यावर त्याच्यावर खटला होऊन दंड झाला. कोंबड्यांना बोट लागली असावी, हे साधे कारण देवगडच्या धक्क्यावरच्या कोणत्याही आजीने त्याला सांगितले असते. पण तिथे आजी नव्हती, पुरोहित होते.

पुढे मोठ्या लाकडी जहाजांच्या काळात कोंबडी पुन्हा शिध्यात आली. डेकवर खुराड्यांची रांग असे, अंडी आजाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना मिळत, आणि ब्रिटिश आरमारात या पक्ष्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला खलाशी ‘जेमी डक्स’ म्हणून हाक मारत. ही हाक बढतीची नव्हती. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानातून बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ हे अशाच जहाजांच्या पिढीतले. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. लढाईचा नगारा वाजला की अशा जहाजांवर डेक मोकळा करण्यात येई आणि खुराडी समुद्रात जात. १८१४ साली अमेरिकेतल्या शॅम्पलेन सरोवरावरच्या लढाईत ‘साराटोगा’वरच्या खुराड्यावर थेट तोफगोळाच आला. आतला कोंबडा सुटला, उंच जागी जाऊन बसला आणि आरवला. खलाशांनी त्याचा जयजयकार केला आणि लढाई जिंकली. कोंबडा घाबरून ओरडला असेल, ही शक्यता विजयी पक्षाने विचारात घेतली नाही.

खलाशी एका पायावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा गोंदवून घेत ते बुडू नये म्हणून. यामागे तर्क आहे असे सांगतात: ही दोन्ही जनावरे लाकडी खोक्यांत असत, जहाज फुटले की खोकी तरंगत किनाऱ्याला लागत, आणि पोहता न येणारी जनावरे वाचलेली पाहून पोहता न येणाऱ्या खलाशांनी त्यांचे चित्र काढून घेतले. खोके गोंदवले असते तर जास्त बरोबर झाले असते.

मुंबईच्या गिरणगावाला सागरी कोंबडीची जी ओळख झाली ती या सगळ्यापेक्षा घरगुती होती. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत आगबोटी मुंबईला येत. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या त्या बोटींतून चाकरमानी येताना तांदूळ, कुळीथ, आमसुले, फणस आणि पाय बांधलेली एक गावठी कोंबडी घेऊन येई. बोट बऱ्याच बंदरांत खोल पाण्यात उभी राहायची; माणसांना पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे आणि लाटेवर पडाव वर आला की नेमक्या क्षणी पाय उचलावा लागे. कोंबडीला हा क्षण साधायचा प्रश्न नव्हता. ती पिशवीतून जायची. भाऊच्या धक्क्यावर सगळे पिवळ्या चेहऱ्याने उतरत, पिशवीतली मान तेवढी ताठ असे.

तिथून ती लालबाग-परळच्या चाळीत येई आणि रविवारपर्यंत मोरीजवळ पायाला सुतळी बांधून राही. या तीन-चार दिवसांतच घोटाळा होई. चाळीतली पोरे तिला भाताची शिते घालत, मग तिला नाव ठेवत, आणि नाव ठेवलेल्या कोंबडीला सुरी लावणे हे नाव न ठेवलेल्या कोंबडीपेक्षा फार अवघड असते. शिधा आणि सोबत यांच्यातला फरक जगातल्या कुठल्याही सागरी कायद्यात लिहिलेला नाही; तो या मोरीजवळच्या बारशात आहे.

नाव मिळालेल्या सागरी कोंबड्यांत सर्वांत प्रसिद्ध मोनिक. गिरेक सुदे हा फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचा तरुण तीस-एक फुटांची पोलादी शिडाची होडी घेऊन निघाला आणि कॅनरी बेटांवर त्याने एक तांबूस कोंबडी घेतली. समुद्रावर घाबरून ती अंडी घालणार नाही, असे त्याला जाणत्यांनी सांगितले होते. २०१४ साली दोघांनी अटलांटिक ओलांडला. २८ दिवसांत तिने २५ अंडी दिली. मग ग्रीनलंडच्या डिस्को उपसागरात होडी बर्फात अडकवून त्यांनी १३० दिवसांचा हिवाळा काढला. त्यात १०६ अंडी झाली. २०१६ साली वायव्य मार्गाने कॅनडाच्या डोक्यावरून ते पॅसिफिकमध्ये उतरले, पुढे अंटार्क्टिका आणि केप हॉर्न करून २०१८ च्या डिसेंबरात ब्रिटनीला परतले. हा प्रवास एकट्याने केलेला धरतात. नौकानयनाच्या हिशेबात कोंबडी माणसांत धरत नाहीत, आणि मोनिकनेही हरकत नोंदवलेली नाही.

मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोघे नौदल अधिकारी सर्वांना माहीत आहेत. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये बंदरे घेत ती केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. दोघांची होडी एकच, गोव्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’. या दोन्ही प्रवासांत एकटा म्हणजे एकटाच. कोंबडीच्या दृष्टीने मुंबईची पाटी अजून कोरी आहे, आणि ती भरायला मुंबईइतके लायक शहर दुसरे नाही. कारण होडीवर कोंबडीबरोबर राहण्यासाठी जे कौशल्य लागते ते चाळीचे आहे, समुद्राचे नाही.

नायगाव, डिलाईल रोड, शिवडी आणि वरळी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तीस फुटी होडी रुंदीला दहा फुटांच्या आसपास, पण पुढे निमुळती. आतली राहण्याजोगी जागा त्या खोलीपेक्षा मोठी निघत नाही. होडीत माळ्यावर झोपायचे, खाली चूल, मध्ये दुमडते टेबल, पाण्याचा हिशेब बादलीवर, आणि संडासला जायचे म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून. गिरगावातल्या माणसाला यात शिकण्यासारखे काही नाही. होडीत एकच गोष्ट कमी असते: शेजार. दार उघडे टाकावे आणि समोरच्या बिऱ्हाडाने ‘आज काय केलंय?’ म्हणून विचारावे, ही सोय अटलांटिकवर नाही. कुत्रा सोबत देतो, मांजर उपकार करते; शेजाऱ्याचे काम फक्त कोंबडी करते. ती ताटात डोकावते. क्षुल्लक गोष्टीची दवंडी पिटते. वेळच्या वेळी वाटी पुढे करते, आणि परत करताना तिच्यात अधूनमधून एखादे अंडे असते.

निवडीकडे वळताना पहिला प्रश्न जातीचा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत बाजाराला येते. तिच्या आयुष्याचा आराखडाच केप ऑफ गुड होपच्या अलीकडे संपणारा आहे, आणि वजन इतके वाढते की सपाट जमिनीवरही पाय तक्रार करतात. लेगहॉर्न ही पांढरी, काटक, अंड्यांची जात. तिचे नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून पडले. बॅन्टम ही ठेंगणी कोंबडी जावातल्या बांतेन बंदराची. कोचीन नावाची गुबगुबीत जात चीनमधून आली, तरी तिच्या नावात आपले कोची बंदर ऐकू येते; सामानावर चुकीची चिठ्ठी लागण्याचा प्रकार गोदीत नवा नाही. गावठी कोंबडी सगळ्यात शहाणी, पण ती उडते. कोकणात छपरावर बसणे हा गुण आहे; भर समुद्रात छपरापलीकडे काही नसते. त्यासाठी तिच्या एकाच पंखाची लांब पिसे कातरतात. दोन्ही कातरली तर ती तोल सावरून पुन्हा थोडी उडते. एकच कातरला तर वाकडी होऊन खाली बसते आणि विषय सोडून देते.

वय पाहावे ते पाच-सहा महिन्यांचे, म्हणजे अंड्याला आलेली तलंग. नर कोंबडा घेऊ नये. अंड्यासाठी त्याची गरज नसते. अंडे उबवायचे असेल तरच असते. तो पहाटेच्या आधी आरवतो तो उजेड पाहून नव्हे, अंगातल्या घड्याळावर, हे जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केले. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही हे मराठी माणसाला ठाऊकच होते; कोंबडे झाकले तरी कोंबडाही आरवायचा राहत नाही, ही भर जपानची. रात्रभर सुकाणूवर जागून पहाटे पाठ टेकलेल्या माणसाला या ज्ञानाचा उपयोग नाही.

खरेदी हा नाजूक भाग आहे. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे १८६९ सालची आणि आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाची मंडई, जिवंत पक्ष्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. लालबाग-परळच्या गल्ल्यांतही जाळीच्या पिंजऱ्यांचे दुकान सापडते. अडचण अशी की तिथे संभाषणाचा साचा ठरलेला असतो. विक्रेता कोंबडी पंखांना धरून उचलतो, काट्यावर ठेवतो आणि करी कट हवा की बिर्याणी कट, हे विचारतो. स्वभाव कसा आहे, रात्री घाबरते का, अशी चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो आधी पाहतो, मग मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. जिवंत हवी, असे म्हटले तर त्याचा तर्क नवसावर जातो. एकवीरेला नेणार का, असे तो आपुलकीने विचारतो. समुद्रावर नेणार, हे उत्तर देऊन काही साधत नाही.

मुहूर्ताचा विचार कोंबडीच्या बाजूने केला तर श्रावण उत्तम. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, मध्य मुंबईतल्या कोंबडीचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडले की तीच कोंबडी महिनाभर अवध्य होते. पुढे गणपती आहेत, थोड्या अंतराने नवरात्र आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार ही नित्याची संरक्षणे वेगळी. दोंदे मुंबईहून निघाले तो १९ ऑगस्ट २००९ हा दिवस श्रावणातलाच होता. कोंबडी बरोबर असती तर तिला तो आपल्यासाठीच निवडल्यासारखा वाटला असता.

मुक्कामाची व्यवस्था फार लागत नाही. झोपायला एक दांडी, अंडे घालायला एक अंधारे खोके, आणि वारा वाढला की बंद करता येईल असे झाकण. कोकणात ज्याला गुडा म्हणतात ते खुराडे होडीच्या मागच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला बसवावे. कोंबडी दांडीवर बसली की पाय दुमडतात आणि पायातल्या दोऱ्या ताणून बोटे आपोआप दांडीला वळतात. तिला झोपेत धरून राहावे लागत नाही. चर्चगेट फास्टमध्ये उभ्याने झोपणाऱ्यांना हे बांधकाम मिळाले असते तर दादरला उतरताना एवढे दचकावे लागले नसते. तरी सुरुवातीचे काही दिवस तिच्या पायाला दोरी असावी. खलाशाच्याही कमरेला असते, तेव्हा अपमानाचा प्रश्न येत नाही.

शीट हा विषय टाळणारी पुस्तके अपुरी आहेत. कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या पुढे शीट टाकते, आणि ती एका जागी टाकत नाही. घरी यावर रद्दीचा उपाय असतो. नऊ महिन्यांच्या प्रवासाला रद्दी साठवून न्यावी लागते, आणि एकट्या माणसाच्या हातात रद्दी पडली की तो ती वाचत बसतो. सहा महिन्यांपूर्वीचा अग्रलेख अंथरण्याआधी पूर्ण वाचणारा खलाशी आणि तोवर ताटकळणारी कोंबडी, हे चित्र फार लांबू देऊ नये. डेकवर मात्र एक बादली समुद्र पुरतो.

समुद्रावर कोंबडीची सर्वांत मोठी पात्रता तिच्या मानेत आहे. तिला डोळे फारसे फिरवता येत नाहीत. म्हणून नजर स्थिर ठेवायला ती सबंध डोकेच स्थिर ठेवते. धड हातात धरून वरखाली, डावीउजवीकडे हलवले तरी डोके हवेत खिळ्याला टांगल्यासारखे जागेवर राहते. एका जर्मन मोटार कंपनीने २०१३ साली गाडीला धक्के बसत नाहीत हे पटवायला कोंबड्यांचीच जाहिरात केली. तीस फुटी होडी लाटेवर आडवी होते, भांडी फडताळातून सुटतात, नवशिका काठावर वाकून आदल्या दिवसाच्या पोह्यांची माफी मागतो. आणि या सगळ्यात कोंबडीचे डोके क्षितिजाला समांतर असते. तिला बोट लागते की काय, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही, कारण त्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. वादळात अशा चेहऱ्याकडे पाहून धीर येतो.

खाणे माफक. दिवसाला ११० ते १२० ग्रॅम दाणा आणि पाव लिटर पाणी. उन्हाच्या पट्ट्यात पाणी वाढते. नऊ महिन्यांचा हिशेब तीस-बत्तीस किलो दाण्याचा होतो, म्हणजे लग्नघरातल्या तांदळाच्या एका मोठ्या कट्ट्याहून थोडा जास्त. भरड, बाजरी, कणी, गव्हाचा कोंडा असे मिश्रण चालते. पांढऱ्या सडलेल्या तांदळावर तिला ठेवू नये. डच अमलातल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात आढळले की सडलेल्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा मिळाला की सुधारतात. बेरीबेरीचे कोडे तिथून सुटायला लागले, आणि १९२९ साली आइकमान यांना नोबेल मिळाले. कोंबड्यांना कोंडाच मिळाला.

दात नसल्यामुळे तिला दळायला खडे लागतात. ते ज्या पिशवीत दळण चालते तिलाच कोंबडीवाला पेठा म्हणून कलेजीबरोबर तोलतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, म्हणून शिंपल्यांचा चुरा न्यावा. अंड्याची टरफले कुटून परत घातली तरी चालते. अंड्याच्या आकारात घालू नयेत, नाहीतर ती हिशेबाचे मूळ ओळखते आणि ताजे अंडे स्वतःच फोडते. मिठाचे तिला वावडे आहे. भाऊच्या धक्क्यावरून प्रेमाने बांधून दिलेले सुकट आणि खारा जवळा तिच्यापुढे ओतू नये, आणि डेकवर साचलेले समुद्राचे पाणी तिला पिऊ देऊ नये. मासळी जास्त झाली तर अंड्याला वास येतो, हे मासळीवर वाढलेल्या माणसाला दोष वाटेलच असे नाही.

अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे आज सकाळी आठला आलेले अंडे उद्या नऊच्या सुमारास येते, परवा आणखी उशिरा, आणि दुपार कलू लागली की ती एक दिवस खाडा करून पुन्हा सकाळवर येते. पश्चिमेकडे जाणाऱ्या होडीत हे सोयीचे ठरेल असे वाटते, कारण तिथेही दिवस रोज थोडा लांबतो. हिशेब मात्र जुळत नाही. पाच नॉटच्या वेगाने विषुववृत्तावर २४ तासांत १२० सागरी मैल, म्हणजे दोन अंश रेखांश होतात. त्याने दिवस आठ मिनिटांनी लांबतो, आणि कोंबडी तासाने मागे पडते. अंड्यावरून रेखांश काढू नये. तिच्या वेगळ्या वेळेचे मुंबईकराला नवल वाटायचे कारण नाही. देशभर १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे चालणारी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. कोंबडी एवढी हटवादी नाही. ती निदान अंडे देते.

अंडी धुऊ नयेत. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो राहिला तर अंडे फ्रीजशिवाय काही आठवडे टिकते. रोज उलटसुलट करत राहावे. धुतले की कवचाची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. रोज एका अंड्याचा शेजार आणि एकटा माणूस, म्हणजे पंधरवड्यात पदार्थ संपतात: उकडून, पोळा, बुर्जी, मालवणी रस्सा, आणि मग पुन्हा उकडून. ग्रीनलंडच्या १०६ अंड्यांत विविधता किती होती, हा प्रश्न सुदे यांना विचारणे सभ्यपणाचे नाही.

मध्येच कधी कोंबडी खुडूक बसते. अंडी बंद, खाणे कमी, आणि कोणी जवळ गेले की फुगून गुरगुर. नर नसल्यामुळे अंड्यांतून काही निघणार नसते, पण हे तिला पटवता येत नाही. अंडी काढून घेतली तर ती होकायंत्रावर बसते. घरगुती उपाय म्हणजे खालून गार हवा लागेल असे जाळीवर ठेवायचे किंवा पोट पाण्यात भिजवायचे. पाणी तिथे मुबलक आहे. नाहीच जमले तर एकवीस दिवस थांबावे, म्हणजे उबवणीचा काळ पुरा झाला असे तिला आपोआप वाटू लागते. शेजारच्या बिऱ्हाडाचा अबोलाही साधारण एवढाच टिकतो.

आरोग्याची तयारी निघण्यापूर्वी परळला करावी. तिथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कोंबड्यांच्या मानमोडीला इंग्लंडात न्यूकॅसल म्हणतात आणि आपल्याकडे राणीखेत. एकाने बंदराचे नाव दिले, दुसऱ्याने थंड हवेच्या ठिकाणाचे, आणि दोन्ही गावांना त्यासाठी विचारलेले नाही. लस दोन्ही नावांवर चालते. एकटी कोंबडी समुद्रावर सहसा आजारी पडत नाही, कारण आजार द्यायला दुसरी कोंबडी नसते.

पण दुसरी कोंबडी नसल्याचा एक परिणाम होतो. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात दाखवले की खुराड्यात कोणी कोणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते. होडीवर सभासद दोनच. उतरंडीत वर कोण, हे पहिल्या आठवड्यात ठरते, आणि ते बोटांवरच्या खुणांवरून ओळखता येते. त्यापुढे संसार सुरळीत चालतो. कोंबडीच्या बोलण्यात वीसहून अधिक वेगळे आवाज ओळखले गेले आहेत: वरून संकट आले याचा एक, जमिनीवरून आले याचा दुसरा, दाणा सापडल्याचा तिसरा, आणि अंडे घातल्यावरचा तो सगळ्यांना माहीत असलेला. मुंबईच्या चाळीत असा आवाज आला की चार दारे उघडतात. अटलांटिकवर एकच उघडते. माणूस महिन्याभरात तिच्याशी पूर्ण वाक्यांत बोलू लागतो, दोन महिन्यांत तिच्या वतीने उत्तरेही देऊ लागतो. तिसऱ्या महिन्यात ती उत्तरे त्याला पटत नाहीत, तेव्हा शेजार पक्का झाला असे समजावे.

बंदर आले की अडचणी माणसांच्या सुरू होतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत जिवंत पक्षी किनाऱ्यावर उतरवता येत नाही. अंडीदेखील अधिकारी काढून घेतात. माणूस शहरात हिंडून येतो, कोंबडी होडीतून शहराकडे पाहते. परत मुंबईला येताना तर ती परदेशातून आलेली कोंबडी ठरते. भारतात पशुपक्षी आणण्यावर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याचा अंमल आहे, आणि २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आल्यापासून पक्ष्यांच्या कागदांकडे कोणी हसून पाहत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये जन्माचा दाखला देत नाहीत, तेव्हा ती इथलीच आहे हे सिद्ध करायला तिच्याकडे आरवण्याचाही पर्याय नाही. निघण्यापूर्वी पायात नंबराचे कडे घालून, फोटो काढून, परळच्या कागदावर शिक्का घेऊन ठेवावा.

कोंबडी पाच ते आठ वर्षे जगते. अंडी दोन-तीन वर्षांनंतर घटत जातात. म्हणजे प्रदक्षिणा झाल्यावर बराच काळ उरतो आणि तो खोलीत काढायचा असतो. पहिले काही दिवस दोघांनाही जमीन हलते आहे असे वाटते. तिचे डोके स्थिर, माणसाचे नाही. गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबतो, वजनाचा अंदाज घेतो आणि हिचे आता काय करणार म्हणून विचारतो. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात तर उभे राहण्याचीही सोय उरत नाही. मालवणी मसाला अर्धा किलो मागितला की दुकानदार विचारतो, ‘कोंबडी कितीची आहे?’ अडीच किलोची, हे खरे उत्तर असते. ते देताना माणूस आवाज खाली आणतो आणि पिशवीतली मान वर येऊ नये म्हणून तोंडाशी हात धरतो.